जावेच्या पोराचं उष्टं

आई, सासूला आई म्हणायचं म्हणून म्हणते, नायतर तोंडात दुसराच शब्द येतो. तुमी गेलात तवा माझी लेक रांगत होती, आता शाळंत जाते. तिला ऐकू येत नाय हे तुमाला ठाव होतं. का येत नाय ते मला औंदा कळलं, म्हणून लिवते.

लेक पोटात होती तवाची ती सकाळ आठवते का? जावेचं पोर ओट्यावर दुधात कालवलेली नाचणीची भाकर खातंय, नाक गळतंय, लाळ गळतेय. तुमी त्याची वाटी उचलून माझ्यापुढं ठेवली. म्हणालात, "मुलग्याचं उष्टं खा गो, पोटी मुलगा येल." मला मळमळत होतं, मी वाटी सारली. तर अख्ख्या पाड्याला ऐकवलंत, मुरबाडच्या राणीसरकारला आमच्या पोराची घाण वाटते. मग रोजचंच झालं. खाल्लं मी. त्याची मुताची फडकी पण मीच धुयाची.

लेक झाली. हाकेला वळंना. तुमी सांगत सुटलात, हिनं गिऱ्हाणात काकडी चिरली. चिरली होती, त्याच पोरासाठी, रडत होता म्हणून. पाण्यावर गेलं की बाया माझ्या हाताकडं बघायच्या. माझ्या सख्ख्या आईनं इचारलं, खरंच चिरलीस का गो? तुमी मेलात तवा जाव रडली. मी नाय.

औंदा मला परत दिवस गेले. भीतीनं लेकीला घेतली, आसनगावला गाडी धरली, ठाण्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरणीनं लेकीच्या डोक्याचा फोटो काढायला लावला. सीएमव्ही म्हणून जंतू असतो म्हणाली. बारक्या पोरांच्या लाळंत, मुतात असतो, पोर हसतं-खेळतं असतं, कळत नाय. पोटुशीला लागला तर पोटातल्याला जातो, त्याचे कान जाऊ शकतात. इतक्या वर्सांनी नक्की सांगता येत नाय, पण तसंच दिसतं. मी वाटीचं सांगितलं. ती म्हणाली, "कुणाला दोष देऊ नका, त्यांना काय ठाव." ती शिकलेली हाय, तिला जमतं. मला नाय.

पितरांना तुमचं पान मीच वाढलं. वरण, भात, वडे, नि कडेला लेकीनं अर्धी चावलेली भाकर. कौलावर ठेवलं. कावळ्यानं पहिली तीच उचलली. जाव म्हणाली, आई खूश हायेत. मी म्हणाले, व्हय.

डॉक्टरणीनं बजावलंय, आता लेकीचं पण उष्टं मला चालत नाय. लाळ पुसली की साबणानं हात धुवायचे. जेवताना ती घास माझ्या तोंडाशी आणते, मी तोंड फिरवते. परत आणते, परत फिरवते. सांगू कसं तिला? मग घास ताटात ठेवते नि माझ्याकडं बघत बसते. याच्यासाठी तुमाला सोडणार नाय मी, तुमी कुठंही असा.

तुमाला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी हा कागद कुठं धाडणार होते.

मागल्या महिन्यात गिऱ्हाण होतं. डॉक्टरणीचं सगळं पाठ होतं मला. तरी विळी जावेकडं नेऊन ठेवली, दार लावलं, नि सुटेपर्यंत पोटावर हात धरून पडून राहिले, तुमी सांगायचात तशी.