सत्तावीसचं शेपूट

३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकशील, पण फोन तू उचलत नाहीस. बाबांना सोमवारी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडलाय आणि वाचा गेली. दर रविवारी हॉलमध्ये हौजीचे आकडे पुकारणारा, प्रत्येक आकड्याला शेपूट जोडून लोकांना हसवणारा आपला बाप आता पाणी मागायलाही नुसतं ते ते करतो.

काल मात्र नवलच झालं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आकडे मोजायला सांगितले, तर बाबांनी एकपासून वीसपर्यंत घडाघडा म्हणून दाखवले! बाई म्हणाल्या, बोलणं गेलं तरी कधी कधी पाठ असलेलं शाबूत राहतं. त्याच आकड्यांना धरून शब्द ओढून काढू. त्यासाठी त्यांची शेपटं हवीत. मला चारच आठवतात. तू लहानपणी शेजारी बसून त्यांना पिशवीतले आकडे काढून द्यायचास. तुमचं बोलणं नाही, ठाऊक आहे. मला तर लिही.

रागावलास तरी तुझीच,
चिमणी

१४ मे

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र गोदीच्या गेटवरच उभ्यानं तीनदा वाचलं. बरोबरचे रंगारी विचारायला लागले, कोण गेलं म्हणून. बाबा आणि गप्प? डोक्यात शिरतच नाही.

आठवतात ती लिहितो. आठ, कोळ्याचे पाय. अकरा, दोन काठ्या, म्हातारा कुठाय? बारा, घड्याळ दमलं. सत्तावीस, चांदोबाची एक फेरी. चंद्राला पृथ्वीभोवती फिरायला जवळपास तेवढेच दिवस लागतात, हे मला त्यांनीच शिकवलं. बत्तीस, तोंड उघडा, मोजून घ्या. छत्तीस, नवरा-बायको पाठीला पाठ. त्रेसष्ट, झाला बाई समेट!

माझं नाव काढू नकोस. गोदीत निघालो तेव्हा, गेलास तर परत तोंड दाखवू नकोस, असं तेच म्हणाले होते. त्यांच्या औषधांची हयगय नको, आणि तूही वेळेवर जेव.

जीव तुझ्यात अडकलेला,
दादा

२६ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबा बोलले! मी अकरा म्हटलं की ते दोन काठ्या म्हणतात आणि म्हातारा मीच, म्हणून छातीवर हात ठेवतात. असे हसत चढत गेलो. सत्तावीसला मी चांदोबा म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि स्पष्ट म्हणाले, पोरगा गेला.

वाटलं, शब्द चुकला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. संध्याकाळी हॉलमध्ये तिकिटं विकणाऱ्या मावशी आल्या. त्या सहज म्हणाल्या, अगं, चांदोबा कधीच सुटला, कित्येक वर्षं ते हेच पुकारतात. लोक हसतात, मागून कुणीतरी ओरडतं, कुणाबरोबर?

दादा, तू सत्तावीस वर्षांचा असताना गेलास. मी रविवारी चष्म्याच्या दुकानात कामाला. मला पत्ताच नाही. भरल्या हॉलमध्ये ते ओरडून सांगत होते आणि सगळे हसत होते रे!

आता मोठा भाऊ म्हणून काय ते तूच ठरव.

चिमणी

९ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

काल तू दुकानात असताना जे झालं ते तोंडानं सांगता येईना, म्हणून परतीच्या गाडीत लिहितोय.

मला पाहताच बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग भिंतीलाच एक, दोन, तीन सुरू. सत्तावीसला थांबले. मी घाईनं म्हटलं, पोरगा आला. तर भडकलेच! डावा हात उगारला. चालू खेळात शेपूट बदललेलं त्यांना कधी खपलंय? मग अठ्ठावीस म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. पुन्हा अठ्ठावीस, पुन्हा बोट. एकदम प्रकाश पडला. त्यांना माझी वर्षं हवी होती.

अठ्ठावीस, शिडीवरून पडलो. एकोणतीस, एका खोलीत सहा जण, मी दाराशी. तेहेतीस, लग्न ठरलं आणि मोडलं. हे तुलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. छत्तीसला मी पाठीला पाठ म्हटलं, ते चालेना, माझंच हवं. एकेचाळीस, चिमणीचं पत्र. माझं वय तिथंच संपलं.

ते म्हणाले, बेचाळीस. मी सांगितलं, बाबा, ते अजून यायचंय. तरी बोट तसंच. मग ओठ वेडेवाकडे करत, घाम फुटेपर्यंत झगडून त्यांनी एक शब्द बाहेर काढला. कुठल्या शेपटातला नव्हता, कुणी शिकवलेला नव्हता. म्हणाले, घरी.

सामान घेऊन येतो. मुकादमाला काय सांगायचं ते अजून सुचत नाही. मागची खोली झाडून ठेव.

तुझा,
दादा