वांग्याला आधी टोचा

प्रिय नाना,

काल निकाल लागला. आपल्या विजूचा पक्ष तालुक्यात निवडून आला. त्यानं मला व्हिडिओ कॉल लावून गुलालानं माखलेलं तोंड दाखवलं आणि मी फोन कापला. तेव्हापासून धुळ्याच्या या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालतेय. राग काढायला माणूस नको का? म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही असता तर म्हणाला असता, मंगे, आधी पाणी पी.

जन्मभर सगळ्यांना धरून राहण्याचं राजकारण केलंत तुम्ही. दोनदा पडलात, तरी सोडलं नाहीत. आणि पोटचा पोरगा ‘त्यांना इथून हाकला’ म्हणणाऱ्यांच्या मागे! मला भावाची लाज वाटायची. तुम्हाला कधी वाटली नाही. कसं जमलं हो तुम्हाला?

तुमच्या हयातीतलं शेवटचं भरीत आठवतं? केळीच्या बागेशेजारी कपाशीच्या काड्यांचा जाळ. दर हिवाळ्यात वांगी भाजायचा मान सलीमचाचांचा. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारे हे तुमचे जुने दोस्त, पण त्यांनी भाजल्याशिवाय मळ्यात कोणाला भरीत गोड लागत नसे. त्या वर्षी विजू पक्षाचं उपरणं घालून आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “यांच्या हातचं मी खाणार नाही.”

भाकरी थापणाऱ्या काकूचे हात थांबले. चाचा उठायला लागले. मी विजूला नाही नाही ते बोलले.

तुम्ही मात्र चाचांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलंत आणि विजूला म्हणालात, “ये, मग तू भाज.”

बरी जिरवली, असं मला वाटलं. त्यानं तावातावानं वांगी जाळात टाकली, तीही टोचे न मारता. खानदेशातला पोरगा आणि ही चूक! पहिलंच वांगं फाट्कन फुटलं, निखारे उडाले, नव्या उपरण्याला भोक पडलं. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. त्याच्याजवळ उकिडवे बसलात आणि विचारलंत, “भाऊ, तुले कसानं भ्याव वाटस?”

बापानं पोराला भाऊ म्हटलं, आणि विचारलं काय, तर कशाची भीती वाटते! विजू बोलायला लागला तो थांबेचना. पुण्याच्या कंपनीनं कंत्राट संपलं म्हणून घरी धाडलं. केळी कापणीला आली की नेमका भाव पडतो. शेती करतो म्हटलं की मुलगी कोणी दाखवत नाही. आणि मोबाइलवर रोज कोणीतरी सांगतं, हे सगळं त्या लोकांमुळे झालंय. शेवटी म्हणाला, “आई दवाखान्यात होती तेव्हा रक्त द्यायला हीच पोरं आली, नाना. तुमच्या पक्षाचं कोणी फिरकलं नाही. तिथं मला नावानं हाक मारतात.”

तुम्ही नाकारलं नाहीत. खरं शे, म्हणालात. मग हळूच विचारलंत, रक्त दिलं ते चांगलंच केलं, पण त्याच्या बदल्यात चाचाशी नातं तोडायला लावतात, ते का रे? विजू जाळात काड्या सारत राहिला. तो जेवला नाही. पण उरलेल्या वांग्यांना टोचे मारून चाचांसमोर ठेवत गेला.

घरी जाताना मी तुमच्याशीच भांडले. त्याचं बरोबर आहे का मग? तुम्ही म्हणालात, ज्याचं कोणी ऐकत नाही, तो मोठ्या आवाजामागे जातो. शिव्या दिल्या की आणखी घट्ट धरतो. मी तरी हट्टानं विचारलं, “पण चूक आहे ना?”

“चूकच शे. पन पोऱ्या मना शे.”

चूक म्हणूनही ‘पोरगा माझाच आहे’ म्हणणारं एवढं मोठं मन मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही, नाना. आणि एक तक्रारही आहे. असलं काम अर्ध्यावर टाकून निघून गेलात! तुम्हाला खांदा द्यायला पुढे विजू होता, मागे सलीमचाचा. दोघंही रडत होते, पण एकमेकांशी एक शब्द नाही.

आज सकाळी त्याचा पुन्हा फोन आला. यंदा मळ्यात भरीत करायचं म्हणतोय, पक्षाच्या पोरांना घेऊन. आणि चाचा, असं मी विचारलं. तो ताटांचं, भाकरींचं बोलायला लागला. जिभेवर शिवी आली होती, तुमची शपथ. गिळली. शेवटी तोच म्हणाला, “पण भाजणार कोण गं? चाचांसारखं कोणाला जमतं?”

मग तूच जाऊन बोलाव, मी म्हटलं. तो हो म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही.

रविवारी मी चोपड्याला घरी येतेय. निकालाबद्दल अवाक्षर काढणार नाही. विजूजवळ उकिडवी बसेन, तुमचाच प्रश्न विचारेन आणि त्याचं बोलून होईपर्यंत तोंड मिटून ठेवेन. मला ते किती जड जाणार हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक! पण चाचा आल्याशिवाय तुमच्या मळ्यात काडी पेटू देणार नाही, हाही शब्द देते.

तुमची भांडकुदळ,
मंगू