मोटारीचा खांदा

अहो,

हात अजून काळेच आहेत. साबणानं घासले, राखेनं घासले, तरी निघत नाहीत. पण मला दम धरवत नाही! सापडला! आपल्या मोटारीचा आजार सापडला! गल्लीभर सांगून झालंय, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय सांगितल्यासारखं वाटेना.

तुम्ही होतात तेव्हापासूनच ती मध्येच बंद पडायची. तुम्ही प्लग बदललेत, बॅटरी बदललीत. अकोल्याच्या मिस्त्रीनं कार्बोरेटर उघडून साफ केला. त्याच्यासमोर शहाण्यासारखी चालली आणि वाशीमच्या बाजारात शिरल्याबरोबर गप्प! किती चिडायचात तिच्यावर. माझ्यावर कधी तेवढे चिडला नाहीत, हे मात्र खरं.

तुमच्यामागं मात्र भलतंच सुरू झालं. शिरपूरच्या रस्त्यावर स्मशानाजवळ वळण आहे ना, तुम्हाला नेलं तिथलं, तिथंच ती हटकून बंद पडायला लागली. लोक म्हणाले, मालकाचा जीव गाडीत अडकलाय. भाडं देऊन देवदर्शनाला जाणारे आपल्या मोटारीत बसेनात. शेवटी तुमच्या धाकट्या भावानं, आपल्या गोविंदाभाऊजींनी, ती भंगारात द्यायचं ठरवलं. उद्या माणूस न्यायला येणार होता. बैल विकून हौसेनं घेतलेली मोटार, आणि तिचे तोडून पत्रे करायचे?

आणि तुमच्या आई, माझ्या आत्याबाई! त्यांना ती बंद पडायलाच हवी असायची. "माहा लेक थांबवते तिले," म्हणायच्या, आणि बसल्या जागी तुमच्याशी बोलायच्या. आज सकाळी हट्टच धरला, "गाडी जायच्या आंदी एक डाव मले त्याच्यापाशी ने." म्हणून आम्ही तिघं निघालो.

वळणावर भाऊजींनी वेग कमी केला आणि इंजिन बंद! आत्याबाईंचे हात जुळले. "आला वं माहा राजा!"

खोटं कशाला बोलू, इतके दिवस मलाही आतून तसंच वाटायचं. पण आज एकदम डोक्यात आलं, ही आणखी कुठं बंद पडते? बाजारात. नाल्याच्या उतारावर. बैलगाड्या आडव्या आल्या की. जिथं जिथं आपण हळू होतो तिथं! भूत काय वेग बघून धरतं?

"भाऊजी, हारन दाबा," मी म्हटलं.

"दाबलं. वाजून नाई राह्यलं."

म्हणजे पेट्रोलचं दुखणं नाहीच! पेट्रोल नसलं तरी हॉर्न वाजतो. दुखणं विजेचं होतं. तुम्हीच सांगितलं होतं, वीज बॅटरीतून तारेनं जाते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते. गाडी वेगात असली की डायनामो भार उचलतो, हळू झाली की सगळं बॅटरीवर पडतं. मी तुमच्याजवळ कंदील धरून उभी राहायची आणि तुम्ही बोलत सुटायचात. हिचं लक्ष नाही असं वाटायचं ना तुम्हाला?

मी बॉनेट उघडलं.

"वयनी, कायले हात भरवता? उद्या तं चाल्ली ते," भाऊजी म्हणाले.

"तुमी हारन दाबून ठेवा फक्त!"

वीज परत येण्याचा तो पट्टा असतो ना, बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं जोडलेला? त्याला बगल देऊन मी तारेचा एक तुकडा बॅटरीच्या त्याच टोकावरून थेट इंजिनाला टेकवला. आणि काय सांगू! असा भोंगा वाजला की आत्याबाई दार उघडून खालीच उतरल्या, आणि भाऊजी हात काढायचं विसरले!

मग बोल्ट सोडवला. पट्ट्याखाली काय निघालं असेल? लोखंड दिसेचना! तेलरंगाचे थर, आणि त्यांच्यावर हळद-लोण्याचा काळा चिकट लगदा!

अहो, हे तुमचं काम! बैल गेले तरी तुमचा पोळा काही सुटला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, तसं तुम्ही मोटारीला चोळायचात. तिचा खांदा कुठला, यावर किती विचार केलात! "इंजनाचा सारा भार इथंच येते," म्हणून नेमकी तीच जागा धरलीत. दर पोळ्याला बोल्ट काढून रंग, वरून लोणी. विजेची वाट मायेनं बुजवलीत की हो! मी रस्त्यातच बसले आणि हसत सुटले. मग रडले. मग पुन्हा हसले.

पेचकसानं खरवडून लोखंड उघडं केलं, पट्टा आवळला, हँडल मारलं. थेट शिरपूरपर्यंत गेलो! वाटेत मुद्दाम हळू केली, पुन्हा पुन्हा केली, एकदाही बंद पडली नाही. भाऊजी स्टिअरिंगवर ताल धरून बसले होते. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून निरोप गेलासुद्धा.

परत येताना ते वळण आलं. भाऊजींनी वेग कमी केला. इंजिन घुरघुरत राहिलं आणि गाडी पुढं निघाली. आत्याबाई मागं वळून बघत होत्या.

"मंग तो थांबवत नव्हता का वं?"

गाडी वाचवली मी, पण त्यांचा लेक पुन्हा नेला की!

मग त्याच म्हणाल्या, "नसन थांबवत. आपुन तं थांबू शकतो ना? गोविंदा, थांबव."

भाऊजींनी गाडी थांबवली. आत्याबाई उतरल्या, तुमच्याशी निवांत बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. इंजिन सगळा वेळ चालू होतं.

येत्या पोळ्याला हळद-लोणी मी चोळीन, पण मडगार्डला. त्या बोल्टाला कुणाला बोट लावू देणार नाही, तुमची शपथ. आणि त्या वळणावर आपली मोटार थांबेल, भाडं असो, घाई असो. आता आम्ही थांबवू म्हणून थांबेल.

तुमचीच,
यमुना