गौरी एकटी जायलीय

४ ऑगस्ट
पाय दुखतायत. आजही गौरीला शेअर ऑटोत बसवून कामाला पाठवलं आणि मी स्कूटीवर मागं. एकोणीस वर्षांची लेक, तिच्या मागं चोरासारखं जायचं. समजायला हळू आहे, पण एकदा शिकली की विसरत नाही. कामाच्या केंद्रात तिच्यासारखी सगळी मुलं कागदी पिशव्या करतात. औसा रोडवरून बसायचं, रेणापूर नाक्याला "भैया, थांबवा" म्हणायचं. आज म्हणाली, पण इतकं हळू की ऑटो पुढं निघून गेला. उतरून मागं चालत आली. रडली नाही. मीच...
शिकवायला शाळेत पोचले तेव्हा पहिला तास अर्धा संपलेला. हेडबाईंनी नुसतं बघितलं.

९ ऑगस्ट
दर आठवड्यासारखे हे नोकरीच्या गावाहून, नांदेडहून आले. आल्या आल्या गौ.च्या बुटाची लेस बांधायला खाली बसले. ती पाय मागं घेतेय, हे ओढतायत.
"राहू द्या, येतं तिला."
"सगळंच यायला लागलं तर मी कशाला येऊ इथं?"
हसत म्हणाले. पण लागलं असावं. जेवताना भाकरी कुस्करून दिली तिला. हे दोन दिवस तिला राणीसारखं ठेवणार, सोमवारी मी पुन्हा पहिल्यापासून. प्रेम त्यांचंच जास्त दिसतं. दिसू दे.

१४ ऑगस्ट
माझा मोबाइल नंबर पाठ झाला! अंघोळ करतानाही म्हणतेय, गाण्यासारखा.
"अनोळखी माणसाच्या गाडीवर बसायचं?"
"न्हाई."
"त्यानं चॉकलेट दिलं तर?"
"चॉकलेट खायचं. बसायचं न्हाई."
कपाळावर हात मारून घेतला. मग दोघीही हसत सुटलो. बऱ्याच दिवसांनी.
वरच्या खोलीतल्या जळकोटच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. मुलाच्या क्लासपायी गाव सोडून इथं राहतात, त्याला पाण्याचा ग्लाससुद्धा हातात देतात. म्हणाल्या, "मॅडम, कशाला एवढा ताप करून घेता? राहू द्या की घरात. तुम्ही हाव ना."
हाव. पण किती दिवस?

१९ ऑगस्ट
आज एकटी. मी खरंच मागं गेले नाही. मधल्या सुट्टीत केंद्राला फोन केला. पोचलीय. तरी माझा डबा मी तसाच परत आणला.
संध्याकाळी म्हणाली, "आई, आज तू न्हवतीस मागं."
म्हणजे इतके दिवस माहीत होतं!

२८ ऑगस्ट
कसंबसं लिहितेय.
चाचणी परीक्षा होती, म्हणून मोबाइल स्टाफरूमच्या कपाटात. पेपर गोळा करून आले तर अनोळखी नंबरवरून फोनच फोन येऊन गेलेले. केंद्राचेही. रस्ता खोदलाय, ऑटो भलत्याच बाजूनं गेला. तिला ओळखीचा नाका दिसलाच नाही. शेवटी गंजगोलाईच्या बाजारात उतरवलं. ती एका मेडिकलमध्ये गेली, नंबर सांगितला. बरोबर सांगितला. तिनं सगळं बरोबर केलं. फोन मी उचलला नाही.
मी धावत पोचले तर मेडिकलवाला वैतागलेला. "मॅडम, तुम्ही फोन घेईनात, म्हणून गाडीवर सोडतो म्हणलं. तर वरडायलीच की! लोक जमले, माझ्याकडंच बघायले."
त्याचंही चूक नाही. माफी मागितली.
गौ. स्टुलावर बसून होती. ड्रेस ओला. बाथरूम कुठंय हे परक्या माणसाला विचारायचं, एवढं मी शिकवलंच नव्हतं.
"मी बसले न्हाई गाडीवर," म्हणाली. पुन्हा पुन्हा. शाबासकी द्यायची होती. मी नुसतं तिला स्कूटीवर बसवलं.

२९ ऑगस्ट
सकाळच्या पहिल्या एसटीनं हे आले. चप्पल काढायच्या आधीच सुरू.
"बास झालं आता. तुझ्या हट्टापायी एखाद्या दिवशी लेक जाईल माझी."
"आणि आपण दोघं नसल्यावर?"
"तेव्हाचं तेव्हा. काल ती बाजारात ओल्या कपड्यांनी बसली होती. तेवढं बोल."

महिनाभर नांदेडला नेतो म्हणाले. रजा साठल्यात. मी हो म्हणून बसले. पटलं म्हणून नाही, भांडायचं त्राण नव्हतं म्हणून.
गौ.नं विचारलं, "पिशव्या?"


३१ ऑगस्ट
गेले दोघं. ती खिडकीशी बसली, हात हलवला नाही. घरी येऊन दुपारभर झोपले. बरं वाटलं. बरं वाटलं याचं वाईट वाटलं, तेही थोडंच.

६ सप्टें.
ह्यांचा फोन. मजेत आहे म्हणे. केस विंचरून देतात, घास भरवतात, मग टीव्ही. "एकदाही रडली नाही बघ." हसली का ते मी विचारलं नाही. त्यांचा आवाजही दमल्यासारखा.
केंद्रातून निरोप, जागा आणखी किती दिवस धरून ठेवायची? कळवते म्हटलं.

११ सप्टें.
सकाळी डबा भरत होते, ह्यांच्या नंबरवरून फोन. गौ.! आपली आपण लावलेला.
"आई, दूध संपलंय. दुकान खालीच हाय. बाबा दार उघडंनात."
मागून हे, "अगं, मी आणायलोय ना! दे इकडं फोन."
काय सांगू? ते दुकान मी नीट बघितलेलं नाही. समोर रस्ता आहे, गाड्या सुसाट असतात. जाऊ नको म्हणायचं ओठावर आलं होतं.
"मला नको सांगू," मी म्हणाले. "बाबांना सांग."
मोबाइल कुठंतरी ठेवल्याचा आवाज. मग लांबून तिचं, "बाबा, सरका."
हे काही बोलले का, ऐकू आलं नाही. जरा वेळानं दाराची कडी निघाली. तिनं काढली का ह्यांनी, कळायला मार्ग नाही. फोन कट.
शाळेची वेळ होत आलीय. मोबाइल समोर आहे. मी परत लावलेला नाही.