कामास योग्य

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. जळगाव

आज रुजू झाले. धुळ्याहून सकाळच्या बसने निघाले, तेव्हा आई स्टँडपर्यंत आली होती आणि पप्पांनी अख्ख्या देवपूरला सांगून ठेवलं होतं की पोरगी लॅब टेक्निशियन म्हणून लागली. कारखाना चटयांचा आहे. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, त्यात रंग मिसळायचा, दोरा काढायचा आणि त्या दोऱ्याच्या चटया विणायच्या. माल परदेशात जातो. तिकडच्या गिऱ्हाइकाची अट आहे की कामगारांची तब्येत दर तीन महिन्यांनी तपासली पाहिजे. म्हणून आरोग्य कक्ष, आणि त्यात मी.

नोकरी सारिकाताईमुळे मिळाली. ती आमच्याच गल्लीतली, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. दहावीत मला विज्ञान तिनेच शिकवलं. इथे कामगारांचं सगळं तीच बघते. राहायलाही तिच्याच घरी, वरच्या खोलीत. संध्याकाळी शेवभाजी केली होती तिने माझ्यासाठी. आईला फोन करून सांगितलं, काळजी करू नको, इथे ताई आहे.

७ नोव्हेंबर

कक्ष लहान आहे पण माझा आहे. एक टेबल, फिरती खुर्ची, जुना पण चांगला मायक्रोस्कोप, औषधांचं कपाट. भिंतीपलीकडे मिक्सिंग, म्हणजे रंग कालवायची खोली. तिकडचा पंखा माझ्या झरोक्याच्या तोंडाशीच फिरतो, त्यामुळे सकाळी टेबलावर पिवळी पूड साचलेली असते. ओल्या फडक्याने पुसली की झालं. रंग सुंदर आहे, हळदीपेक्षा उजळ.

ताईने आज दाखल्यांचा गठ्ठा आणून दिला. प्रत्येकावर छापलेलं: ‘रक्ततपासणी समाधानकारक. कामास योग्य.’ खाली ‘तपासणाऱ्याची सही’. नावं आणि तारखा ती नंतर भरणार, ऐन वेळी धावपळ नको म्हणून. मी सगळ्यांवर सह्या केल्या. छापील कागदावर माझी सही उमटण्याची ही पहिलीच वेळ. शेवटच्या वीस-एक सह्या तर मी जरा वळणदार काढल्या.

२ डिसेंबर

पहिली फेरी संपली. छप्पन्न माणसं. मिक्सिंगमधले सहाही जण पांढुरके. हिमोग्लोबिन नऊ, साडेआठ. बाया असत्या तर समजलं असतं. हे बापे आहेत, भाकरी-डाळ खाणारे, शेतात वाढलेले.

त्यांच्यातले हिलालभाऊ धरणगावकडचे. रोज मोटारसायकलने येतात. चाळिशीचे असतील. आज तुरीच्या उकडलेल्या शेंगा घेऊन आले. म्हणाले, घरून वच्छलाने दिल्या आहेत, नव्या ताईला दे म्हणाली. माझ्या टेबलाशीच बसून खाल्ल्या. ते सांगत होते की आताशा घरी गेलं की जेवायच्या आधीच झोप लागते. पोरगी ताट घेऊन उठवते, तरी उठवत नाही.

ताईचं म्हणणं, खेड्यातली माणसं चहावर दिवस काढतात, लोहाच्या गोळ्या दे. दिल्या.

८ जानेवारी २०२५

महिनाभर गोळ्या घेऊन हिलालभाऊंचं हिमोग्लोबिन ८.१. वाढायला हवं होतं, घटलं. पोटात पीळ पडतो म्हणाले.

मला पण हल्ली दुपारी फार जड वाटतं. थंडीमुळे असेल. ताई रोज डब्यात बीट घालते.

११ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते.

हिलालभाऊंचं हिमोग्लोबिन ७.४. त्यांना तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांच्या काठावर, दातांना लागून, निळसर काळी रेघ. पेन्सिलीने ओढावी तशी. मग त्यांच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरवून मायक्रोस्कोपखाली बघितला. तांबड्या पेशींवर बारीक निळे ठिपके. एक-दोन पेशींवर नाही, कितीतरी पेशींवर. पुस्तकातल्या चित्रासारखे. परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता आणि मी उत्तर बरोबर लिहिलं होतं: शिसं.

पिवळ्या रंगात शिसं असतं.

ताईकडे धावत गेले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाली की बरं झालं लक्षात आणून दिलंस, आपण सगळ्यांचं रक्त मुंबईच्या लॅबला पाठवू, शिसं किती आहे ते तपासायला. आपल्या दोघींचंही. तसंही वर्षातून तीनदा पाठवतोच. मला हे माहीत नव्हतं. नोव्हेंबरात माझं रक्त घेतलं होतं ते त्यासाठीच, म्हणाली.

२४ फेब्रुवारी

रिपोर्ट आले. ताईने सांगितलं, सगळ्यांचं नॉर्मल. माझंही. मी कागद मागितला तर म्हणाली, वर साहेबांकडे फाइल गेली आहे. मला इतकं हलकं वाटलं की विचारलंच नाही पुढे. ठिपके दुसऱ्याही कारणांनी दिसू शकतात. काच नीट धुतलेली नसेल.

३ मार्च

हिलालभाऊ दाराशी उभे होते. आत येऊन बसले नाहीत. बसलो तर उठता येणार नाही म्हणाले. हातातला डबा दोनदा सुटला. मग विचारलं,

“ताई, मी कामले जाऊ का? तुम्ही सांगा. तुम्ही सांगशात तसं.”

मी म्हटलं, रिपोर्ट चांगला आहे भाऊ, जा.

ते गेले.

२१ मार्च

तोंडात सतत तांब्याच्या पैशाची चव. चहाही तसाच लागतो. जिना चढताना मध्ये बसावं लागतं. केस विंचरायला हात वर धरला की थरथरतो. चोवीस वर्षांची आहे मी.

आज कक्षाचं दार लावलं आणि स्वतःचं बोट टोचलं. काच नवी काढली, पाकिटातली. दोनदा धुतली.

ठिपके आहेत.

माझ्याही—

२ एप्रिल

हिलालभाऊ मिक्सिंगमध्ये पडले. आकडी आली. मला बोलावलं तेव्हा टाचा जमिनीवर आपटत होत्या आणि सगळं अंग पिवळं. पुडीचं पोतं अंगावर सांडलेलं. मी डोकं मांडीवर धरलं. त्यांचे डोळे उघडे होते, पण कोणाला बघत होते कळत नव्हतं. सरकारी दवाखान्यात नेलं. ताई गाडीत पुढे बसली. मला म्हणाली, तू थांब, तुझी तब्येत बरी नाही.

४ एप्रिल

गेले.

कारखान्यात दहा मिनिटं मशीन बंद ठेवली. साहेब म्हणाले, त्याला व्यसन होतं. कोणीच काही बोललं नाही. हिलालभाऊंनी कधी सुपारीही खाल्लेली मी पाहिली नाही.

मीही बोलले नाही.

१४ एप्रिल. धुळे

जयंतीला घरी आले. दर वर्षी मिरवणुकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचते मी. या वेळी ओट्यावर बसून पाहिली. आईने हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि विचारलं की तुझ्या हिरड्यांना काय झालं. म्हटलं, जांभळं खाल्ली. एप्रिलात जांभळं कुठली, ती म्हणाली.

२४ एप्रिल. जळगाव

ताई चोपड्याला लग्नाला गेली आहे. परदेशी गिऱ्हाइकाची माणसं उद्या येणार. तिने फोनवर सांगितलं की माझ्या ऑफिसातल्या कपाटातली दाखल्यांची निळी फाइल साहेबांना दे. निळ्या फाइलखाली करडी फाइल होती.

उघडली.

मुंबईच्या लॅबचे कागद. सगळे. तीन वर्षांचे. ‘रक्तातील शिसे’, पुढे आकडा. पाचच्या आत हवा.

हिलाल पितांबर पाटील. फेब्रुवारी. ७८.

माझं पान. नोव्हेंबर, ३. फेब्रुवारी, ३१. प्रत्येक आकड्याशेजारी ताईची बारीक सही, ‘पाहिले’. दहावीत माझी वही तपासताना करायची तशीच.

शेवटी एक जुनं पान. सारिका. दोन वर्षांपूर्वी, ४६. त्याखाली शेरा: ‘बैठक पुढील ऑफिसात हलवली. आरोग्य कक्षासाठी नवीन मुलगी बघणे.’

माझी खुर्ची आधी तिची होती.

घाईघाईने फोटो काढला. एकच. माझ्या पानाचा. बाहेर पावलं वाजली म्हणून फाइल ठेवून दिली. हिलालभाऊंच्या पानाचा काढलाच नाही. सुचलंच नाही. आधी स्वतःचं—

२६ एप्रिल

ताई आली. लग्नातले लाडू पुढे ठेवले. मी फोटो दाखवला. ती रागावली नाही, रडली नाही. पलंगावर बसून पदराची दशी ओढू लागली. म्हणाली, माझं आता अठरावर आलंय. दोन वर्षं लागली. आता मूल होईल असं डॉक्टर म्हणतात.

मी विचारलं, मीच का.

“दुसऱ्या कोणी पहिल्याच आठवड्यात ठिपके ओळखून बोंब मारली असती,” ती म्हणाली. “तू मला विचारल्याशिवाय काही करायची नाहीस, हे मला माहीत होतं. आणि मलाही कोणीतरी बसवलंच होतं ना त्या खुर्चीत.”

मग अगदी हळू, समजावल्यासारखं सांगितलं. पुढच्या ऑफिसात अजून एक टेबल बसतं. तुझ्या कॉलेजमधली कोणी मुलगी असेल तर बघ.

लाडू तसेच राहिले.

२८ एप्रिल

कपाटात करडी फाइल नाही. कपाटच नाही.

३ मे. धुळे

घरी. सरकारी दवाखान्यात दाखवलं. ५२. औषध आहे म्हणाले, वेळेत आलात. वेळेत.

उजवं मनगट वर होत नाही. हात टेबलावर ठेवला की पंजा लोंबतो, मेलेल्या पाखरासारखा. डाव्या हाताने धरून लिहिते आहे. ताईचे अकरा फोन. उचलले नाहीत.

झोप. नुसती झोप. आणि डोळे मिटले की पिवळं—

११ मे

हिलालभाऊंच्या घरच्या, वच्छलाबाई आल्या होत्या. धरणगावहून दोन बस बदलून, पत्ता विचारत. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला दाखला काढला. कारखान्याने दिलेला. माणूस धडधाकट होता, हा घ्या पुरावा, आमचा काही दोष नाही, असं सांगून.

६ मार्च २०२५. हिलाल पितांबर पाटील. रक्ततपासणी समाधानकारक. कामास योग्य.

खाली माझी सही. वळणदार.

त्यांनी सहीवर बोट ठेवलं. “हाई तुमनी शे का, ताई?”

मी हो म्हटलं.

त्या ओरडल्या नाहीत. नवऱ्याबद्दल एवढंच म्हणाल्या, “त्या घर ईसन सांगेत, ताईनी सांगं, रिपोर्ट चांगला शे. तुमना वर भरोसा व्हता त्यासना.”

आईने चहा केला. त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, जे खरं असेल ते लिहून द्या. उद्या सकाळी परत येते, भाचीकडे मुक्काम आहे.

१२ मे, सकाळ

त्या ओट्यावर बसल्या आहेत. आत यायला तयार नाहीत.

ताईचा निरोप आला फोनवर. सह्या तुझ्या आहेत, माझी एकही नाही, एवढं लक्षात ठेव. आणि खाली, तब्येतीची काळजी घे.

आधी इथे कच्चं लिहिते. मग कागदावर उतरवीन. हात जेवढा—

मी, चारुलता अभिमन शिरसाठ, लिहून देते की हिलाल पितांबर पाटील यांच्या रक्तात शिसं अठ्ठ्याहत्तर होतं. तो कागद मी डोळ्यांनी पाहिला. माझ्याकडे तो नाही. दाखल्यावरची सही माझी आहे. ती मी नोव्हेंबरात, नाव-तारीख कोरी असताना केली. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

पण ३ मार्चला ते दाराशी उभे राहिले, जाऊ का विचारलं, मी जा म्हटलं, त्या दिवशी मला माहीत—