नमुना पान

सोमवार, ९ मार्च. सकाळी ९.१०. ऑफिसात अजून कोणी नाही. खुर्ची पुसून बसलो आहे.

साहेबांनी काम दिलं आहे. आमच्या ऑफिसची एक विकी आहे — सगळ्यांनी मिळून लिहायची पानं. कोणीही उघडावं, कोणीही बदलावं. ती वाचायचं टूल ऑफिसातल्या प्रोग्रामर मुलांनी बनवलं. ते वापरणार एजंट. एजंट म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्राम. आपण विचारायचं, त्याने पानं धुंडाळून उत्तर द्यायचं. पण टूल कसं वापरायचं हे त्याला कोणीतरी नीट लिहून द्यावं लागतं. तो कोणीतरी — मी!

"तुझं शुद्धलेखन चांगलं आहे," साहेब शनिवारी म्हणाले. "शुक्रवारी गिऱ्हाईक बघायला येणार. जमलं तर तू कायम. नाहीतर—" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वाक्य अर्धंच राहिलं. तेव्हापासून मीच ते निरनिराळ्या प्रकारे पूर्ण करतो आहे.

कॉलेज अर्धवट सोडलेला मी. यांच्या नोकरीच्या जाहिरातीतल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून पाठवल्या, म्हणून आत घेतलं. परत बाहेर काढायला कितीसा वेळ लागतो!

मंगळवार, १० मार्च.

पहिला मसुदा दिला. काही राहून जाऊ नये म्हणून सगळंच लिहिलं होतं. "पान उघडण्यापूर्वी हेच पान हवं आहे ना, याची खात्री करून घ्यावी. शंका वाटल्यास पुन्हा विचारावं."

टेस्टरताईंनी — चुका शोधायचा त्यांना पगार मिळतो, पण त्या फुकटही शोधतील — एजंटला विचारलं, प्रिंटरचे कागद कुठे ठेवतात?

"आपल्याला प्रिंटरचंच पान हवं आहे ना?"

हो.

"नक्की?"

हो रे बाबा!

"गैरसमज नको, म्हणून एकदा पुन्हा विचारतो—"

ताई खुर्चीसकट माझ्याकडे वळल्या. "अरे शुद्धलेखन, हा तर थेट तुझ्यावर गेलाय!"

अख्खं ऑफिस हसलं. कागद शेवटी शिपाईमामांनी आणून दिले.

घरी आईला सांगितलं. तिला वेगळंच लागलं. "त्या यंत्राला एवढं समजावतोस! मला मोबाइल शिकवताना दोन मिनिटांत खेकसला होतास."

बुधवार, ११ मार्च.

मसुदा छाटला. टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. पान सापडलं नाही तर "सापडलं नाही" म्हणायचं, मनचं काही घालायचं नाही. आणि एक वाक्य माझ्या पदरचं — उत्तराखाली पानाचं नाव आणि ते शेवटी कोणी बदललं, हे सांगायचंच. उगाच भलत्याच्या माथी खापर नको.

ताई म्हणाल्या, "हं. बरंय." त्यांच्याकडून हे म्हणजे हारतुरेच!

सोबत एक उदाहरण हवं होतं. खऱ्या पानाचं दिलं आणि कोणी ते पानच बदललं तर? म्हणून विकीवर स्वतः एक पान तयार केलं. नाव "नमुना". आत काय लिहावं याचा बराच विचार केला. शेवटी लिहिलं — "शुक्रवारी ऑफिस बंद राहील." सुटसुटीत वाक्य. एकही चूक नाही.

गुरुवार, १२ मार्च.

साहेबांचं फर्मान: काय विचारायचं ते एजंटला विचारा, सवय लावा. आणि स्वतः गिऱ्हाइकाला आणायला परगावी गेले. सगळे दिवसभर एजंटशीच बोलत होते. मी मान वर केली नाही — स्वल्पविराम तपासत होतो.

संध्याकाळी काहीतरी विचित्र. सगळे भलतेच खुशीत. जो तो जाताना "सोमवारी भेटू!" शुक्रवारचं नाव कोणी काढेना! हिशेबनीस काकांनी तर पाठीवर थाप मारली. "आराम कर रे. फार राबलास."

आराम कर! म्हणजे माझं ठरलेलं दिसतं, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

शुक्रवार, १३ मार्च.

क्रमाने लिहितो.

लवकर गेलो. ऑफिसला कुलूप. रखवालदार कुलूप काढत म्हणाला, "तुम्ही कसे काय आज?" दहा वाजले, कोणी नाही. अकराला साहेब आले, मागून गिऱ्हाईक बाई. रिकाम्या खुर्च्या आणि मधोमध मी.

"कुठे गेले सगळे?"

मला खरंच माहीत नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या एजंटलाच विचारू या की." विचारलं. भिंतीवरच्या पडद्यावर हे एवढं मोठं उत्तर आलं—

"शुक्रवारी ऑफिस बंद आहे. पान: नमुना. शेवटचा बदल:" आणि पुढे माझं नाव. आडनावासकट!

हा नुसता नमुना आहे, असं मी पानावर कुठेच लिहिलं नव्हतं. सगळं लिहिलं, तेवढंच राहिलं.

"तू सुट्टी दिलीस? माझ्या ऑफिसला?"

"नाही साहेब, ते उदाहरण—"

"गप्प बस!"

बाई मात्र टेबल धरून हसत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "ज्याने शिकवलं त्यालाही पाठीशी घातलं नाही हो याने. आमच्याकडे चूक कोणाची हे शोधण्यात आठवडे जातात. मला हवंय हे."

साहेबांनी बाईंशी हात मिळवला. माझ्याशी एक अक्षर नाही. वाक्य अजून अर्धंच.

शनिवार, १४ मार्च.

नमुना पान पुसून टाकलं. वरातीमागून घोडं.

टेस्टरताईंचा फोन. "झकास सुट्टी दिलीस रे!"

"तुम्ही तरी खात्री करायची, ताई! चुका शोधता ना तुम्ही?"

"सुट्टीत कोण चुका शोधतं? बरं, साहेब काय म्हणाले?"

अजून काहीच नाही, म्हटलं.

"आणि तू विचारलंसही नाही. यंत्राला बोलतं केलंस, स्वतःचं तोंड उघडेना!" आणि फोन ठेवला.

रविवार, १५ मार्च.

आईला मोबाइल शिकवला. खेकसलो नाही. म्हणजे, एकदाच.

सोमवार, १६ मार्च.

बैठक. साहेबांनी सगळ्यांदेखत एजंटला विचारलं, आपले कायम कर्मचारी कोण कोण? यादी आली. सर्वांत शेवटी मी! पान: कर्मचारी. शेवटचा बदल: टेस्टरताई.

"हे कोणी ठरवलं?" साहेब.

"पानावर आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "शुक्रवारी बंद, असं पानावर होतं. राहिलं ना बंद?"

साहेबांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "राहू दे."

आजचा खर्च: चहा, अख्ख्या ऑफिसला. देणं: चहावाल्याचं निम्मं, टेस्टरताईंचं सगळं.