नायिका नक्की कुठे मेली?

चि. ठोंब्यास,

मामाचे भरभरून आशीर्वाद. तुझी पाठदुखी कशी आहे? माझी तब्येत ठीक, घरातली हवा मात्र बिघडली आहे. त्याला कारण तू माझ्या संगणकात बसवून दिलेली ती शाखांची सोय.

तू बजावलं होतंस, की नाटकाच्या मूळ प्रतीला हात लावायचा नाही, नवी शाखा, म्हणजे त्याच नाटकाची वेगळी प्रत, काढायची आणि काय तो धुडगूस तिथे घालायचा. पटलं. आमच्या हौशी मंडळासाठी मी लिहिलेलं नाटक फार लांबतं (सभागृहाचा पहारेकरी दिवे घालवायला टपलेलाच असतो), म्हणून नायिका दुसऱ्याच अंकात मेली तर कसं दिसेल, ते गुपचूप पाहायचं ठरवलं. गुपचूप, कारण नायिकेचं काम तुझी मामी करते. 'प्रयोग' नावाची शाखा काढली, मन घट्ट केलं आणि तिला तापाने मारलं. इतकी छान मेली, की मीच डोळे पुसले.

सकाळी मामीने सगळ्या नटांसाठी मूळ प्रत छापली आणि तीत स्वतःचाच मृत्यू वाचला. तेव्हापासून माझ्याशी अबोला. शनिवारी खेळ आहे!

मी घाईघाईने 'प्रयोग'मध्ये गेलो, तर बाई तिथे ठणठणीत, तिसऱ्या अंकात भाषण ठोकते आहे. मूळ प्रतीत परतलो, तर मेलेली. पुन्हा तिकडे, जिवंत. डोकं गरगरायला लागलं. शेवटी आमच्या प्रकाशयोजनाकार बाई म्हणाल्या, "अहो, शाखा काढलीत, पण तिच्यावर गेलातच कुठे? होतात तिथेच, मूळ प्रतीतच बसून लिहिलंत." आता मला सांग, काढली म्हणजे गेलो नाही का? (तू हे समजावलंही असशील. मी तेव्हा चष्मा शोधत होतो.)

नाटकाचं काय व्हायचं ते होवो. पण मामी शेजारी बसून पेपर वाचते आणि मला एकही बातमी सांगत नाही. फार एकटं वाटतं रे.

तुझा गोंधळलेला,
मामा

ता. क. मामीला एक फोन कर आणि सांग, की मारलं ते संगणकाने. तुझं ती ऐकते.

ता. क. मामी लिहिते आहे. हे पत्र उघडंच टाकून मामा चहा ठेवायला गेलेत. फोन करू नकोस. तिसऱ्या अंकातलं ते भाषण मला आजतागायत पाठ झालेलं नाही, त्यामुळे मरायला माझी ना नव्हतीच. पण इतक्या वर्षांत यांनी मला विचारल्याशिवाय माझ्या तोंडी एक ओळ घातली नाही रे, आणि मारताना तेवढं विचारलं नाही.